रंगाचा शेजार

मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेण्याचा प्रसंग आठवून पाहा. आपण साडीचा काठ पुढे करतो. दुकानदार फळीवरून रुबियाचे पाच-सहा तागे काढतो आणि एकेका ताग्यावर काठ ठेवून दाखवतो. ट्यूबलाइटखाली दोन डाळिंबी तागे अगदी सारखे वाटतात. मग तोच म्हणतो, "जरा बाहेर उजेडात बघा." दाराशी गेल्यावर एक डाळिंबी विटकरीकडे झुकलेला दिसतो, दुसरा जांभळ्याकडे. मघाशी हा फरक कुठे लपला होता?

या दुकानदाराला तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. रंग आठवणीवर ठरवता येत नाही, तो शेजारी ठेवूनच पाहावा लागतो. उजेड बदलला की रंगांची जुळणीही बदलते. आणि जवळच्या रंगांतला फरक सांगायचा तर नुसते "वेगळा आहे" म्हणून भागत नाही, कोणत्या बाजूने वेगळा ते सांगावे लागते. याच गोष्टी नेमक्या शब्दांत मांडायला एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला आणि दोन कलाशिक्षकांना आपले आयुष्य खर्ची घालावे लागले. त्यांच्या कामातून पुढे एक व्यवसायही उभा राहिला. सल्लागार हनुवटीखाली एकामागून एक रंगीत कापडे धरतो आणि "तुमचा रंगसंच उन्हाळ्याचा" किंवा "तुमचा पानगळीचा" असे सांगतो. अमेरिकेत रुजलेली ही पद्धत अलीकडे दक्षिण कोरियात फार लोकप्रिय झाली. फोनच्या पडद्यावरून ती आपल्या वर्गांतही येऊन पोचली आहे. आठवी-नववीच्या मुली विचारतात, "हे खरं असतं का?" हसून सोडून देण्याजोगा हा प्रश्न नाही. तो सोडवायचा तर थोडे मागे जायला हवे.

काळ्या रंगाची तक्रार

पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा चित्रगालिचे विणण्याचा सरकारी कारखाना होता. १८२४ साली तेथील रंगकामाच्या विभागावर मिशेल युजीन शेव्हरल (१७८६–१८८९) यांची नेमणूक झाली. चरबी आणि साबण यांच्या रसायनशास्त्रात त्यांनी आधीच नाव मिळवले होते. कारखान्यात त्यांच्यापुढे एक तक्रार आली. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या घड्या दाखवण्यासाठी वापरलेला काळा धागा फिका, जीव नसलेला दिसतो, म्हणजे काळा रंग कच्चा आहे.

शेव्हरल यांनी रंग तपासला. तो उत्तम होता. दोष रंगाच्या पिंपात नव्हता, शेजारात होता. निळ्याला लागून असलेला काळा किंचित नारिंगी छटेचा दिसतो आणि म्हणून मळका वाटतो. दोन रंग एकमेकांना लागून असले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो. प्रत्येक रंग आपल्या विरोधी रंगाची छटा शेजाऱ्यावर टाकतो. या नियमावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकार, विणकर, छापखानेवाले, बागा लावणारे अशा सर्वांसाठी त्यात सल्ला होता. त्यात कपड्यांवरही एक भाग होता. गुलाबी कापड गुलाबी चेहऱ्याची टवटवी कमी करते, तर नाजूक हिरवे कापड फिक्या चेहऱ्यावर लाली आणते, असे त्यांनी लिहिले. हनुवटीखाली कापड धरण्याच्या पद्धतीमागचे विज्ञान ते हेच.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. एकाच राखाडी कागदाचे दोन लहान चौकोन कापा. एक लाल घोटीव कागदावर ठेवा, दुसरा हिरव्यावर. लालवरचा चौकोन हिरवट आणि हिरव्यावरचा गुलाबीसर वाटू लागतो. दोन्हींवर पतंगाचा पातळ पांढरा कागद पसरला तर परिणाम आणखी स्पष्ट होतो. मग मुलांसमोरच चौकोनांची अदलाबदल करा. चौकोन तेच असूनही त्यांचे रंग बदललेले दिसतील. आपले डोळे आणि मेंदू प्रत्येक जागेचा रंग सुटा मोजत नाहीत, आजूबाजूशी तुलना करून ठरवतात.

चेहऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. कापडावर पडलेला उजेड परावर्तित होऊन हनुवटीवर येतो. हिरव्या कापडाशेजारी चेहरा गुलाबी वाटेल, पण त्याच कापडावरून आलेला उजेड हनुवटीखाली हिरवट छटा देईल. पहिली गोष्ट पाहणाऱ्याच्या डोळ्यात घडते, दुसरी प्रत्यक्ष त्वचेवर. दोन्हींची दिशा उलट असल्याने "हिरवा मला शोभतो का?" या प्रश्नाला सरळ उत्तर नसते.

रंगाची तीन मापे

जवळचे दोन रंग नेमके कशात वेगळे आहेत, हे सांगायचे तर भाषा हवी. ती घडवली अल्बर्ट मन्सेल (१८५८–१९१८) यांनी. ते बोस्टनमधील कलाशिक्षक होते. "पोपटी", "आकाशी" अशा नावांनी शिकवताना प्रत्येकाच्या मनात वेगळाच रंग उभा राहतो, ही अडचण आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवली असेल. मन्सेल यांनी १९०५ साली आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्यांनी प्रत्येक रंगाला तीन मापे दिली. पहिले छटेचे: लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, की यांच्यामधला कुठला. दुसरे उजळपणाचे: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या शिडीवर तो कोणत्या पायरीवर आहे. तिसरे तीव्रतेचे: रंग झगझगीत आहे की राखाडी मिसळल्यासारखा मवाळ.

दुकानातले दोन डाळिंबी उजळपणात आणि तीव्रतेत सारखेच होते, फरक फक्त छटेत होता. म्हणून तो कमी उजेडात निसटला. मन्सेल यांच्या रंगपट्ट्या आजही वापरात आहेत. मृदाशास्त्रज्ञ शेतात ढेकूळ हातात घेऊन ते पट्टीतील चौकोनांशेजारी धरतात आणि मातीचा रंग आकड्यांत नोंदवतात. जवळचे रंग ओळखण्याचे कसब मोजणारी एक चाचणीही याच पट्ट्यांवरून डीन फार्न्सवर्थ यांनी १९४३ साली तयार केली. तीत ८५ रंगीत टोप्या छटेच्या क्रमाने लावायच्या असतात. या टोप्यांच्या उजळपणात आणि तीव्रतेत शक्य तितका फरक ठेवलेला नाही, म्हणजे कस लागतो तो फक्त छटा ओळखण्याचा.

बर्लिनच्या वर्गातली कुरबूर

तिसरे नाव योहानेस इटेन (१८८८–१९६७) यांचे. हे स्विस गृहस्थ मुळात प्राथमिक शिक्षक. पुढे १९१९ ते १९२३ या काळात ते जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकवत होते आणि नंतर बर्लिनमध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. तिथला १९२८ सालचा एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना काही सुसंवादी रंगजुळण्या रंगवायला दिल्या. थोड्या वेळाने वर्गात कुरबूर सुरू झाली. "या जुळण्या आम्हाला चांगल्या वाटत नाहीत," असे विद्यार्थी म्हणू लागले. इटेन रागावले नाहीत. "मग तुम्हाला आवडतात त्या रंगवा," असे त्यांनी सांगितले. प्रत्येकाच्या कागदावरच्या जुळण्या आपापसांत मिळत्याजुळत्या होत्या, पण इतरांच्या कागदांपेक्षा अगदी निराळ्या. रंगांची आवड आणि माणसाचे व्यक्तिमत्त्व यांचे काही नाते असावे, असे इटेन यांना वाटू लागले. १९६१ साली त्यांचा रंगकलेवरील ग्रंथ आला. त्यात चार ऋतूंच्या रंगजुळण्याही आहेत.

येथे थोडे थांबायला हवे. रंग शेजाराने बदलतो हे शेव्हरल यांचे म्हणणे कोणीही प्रयोगाने पडताळू शकतो. इटेन यांचा अनुभव एका जाणत्या शिक्षकाचा होता, पण ते निरीक्षण होते, नियम नव्हे. पुढच्या काळात दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या.

चाराचे बारा

अमेरिकेत सुझन केगिल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून माणसांना ऋतूंची नावे देऊन रंग सुचवायला सुरुवात केली. १९८० साली कॅरोल जॅक्सन यांचे 'कलर मी ब्यूटिफुल' हे पुस्तक निघाले आणि चार ऋतू घरोघरी पोचले. वसंत म्हणजे पिवळसर, उजळ, स्वच्छ रंग. उन्हाळा म्हणजे निळसर, फिके, मवाळ. पानगळ म्हणजे पिवळसर, गडद, मवाळ. हिवाळा म्हणजे निळसर, गडद, झगझगीत. ही नावे थंड प्रदेशातली आहेत. निळसर, मवाळ उन्हाळा आपल्या वैशाख पाहिलेल्या मुलांना पटणे कठीण. आपल्याकडे तर पाने गळत असतानाच पळस पेटलेला असतो. म्हणून ही नावे फक्त खुणेची मानावीत.

चार खणांत माणसे मावेनात, तेव्हा पुढे बारा झाले. प्रत्येक ऋतूचा एक मधला खण आणि शेजारच्या ऋतूंकडे झुकलेले दोन. खरी पंचाईत येथेच सुरू होते. मवाळ उन्हाळा आणि मवाळ पानगळ समोर ठेवले तर नवखा माणूस गोंधळतो, कारण दोन्हींत राखाडी मिसळल्यासारखे रंग आहेत. मन्सेल यांची मापे लावली की वाट दिसते. या जोडीत तीव्रता सारखीच कमी, फरक छटेचा: एकात मळकट गुलाबी, दुसऱ्यात मळकट शेंदरी. गडद पानगळ आणि गडद हिवाळा यांत गडदपणा समान. उजळ वसंत आणि उजळ उन्हाळा यांत उजळपणा समान. झगझगीत वसंत आणि झगझगीत हिवाळा यांत तीव्रता समान. चारही जोड्यांत प्रश्न एकच उरतो: रंग पिवळ्याकडे झुकतो की निळ्याकडे?

मग निवाडा करायचा कसा? उत्तर विज्ञानाच्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. एका चेहऱ्याजवळ गडद जांभळट लाल आणि मग फिका शेंदरी धरला, तर छटाही बदलली आणि उजळपणाही. दिसलेला फरक कशामुळे, हे सांगताच येणार नाही. सारख्याच उजळपणाची आणि सारख्याच तीव्रतेची दोन कापडे घ्यायला हवीत. उजेड तोच, भिंत पांढरी किंवा राखाडी, पाहणारे एकाहून अधिक, आणि त्यांनी एकमेकांचे मत न ऐकता आपापले उत्तर कागदावर लिहायचे. उत्तरे जुळली तर पुढे बोलू. बाजारात हे पथ्य क्वचितच पाळले जाते. शिवाय माणसांचे रंग सलग बदलत जातात, त्यांच्यात बारा भिंती नाहीत. खण सोयीसाठी पाडलेले असतात.

खण पाडणारा कुठे उभा आहे, यावरही बरेच ठरते. जॅक्सन यांच्या मांडणीत काळ्या आणि आशियाई वंशाच्या बहुतेक लोकांची रवानगी हिवाळ्यात झाली. गोऱ्या लोकांमधले बारीक फरक चार ठिकाणी वाटले गेले आणि जगातली निम्म्याहून अधिक माणसे जवळजवळ एकाच खणात गेली. दूरचे सगळे सारखेच दिसतात, तसा हा प्रकार.

आपली शिडी

पण आपण तरी काय करतो? गोरापान, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. हे शब्द मन्सेल यांच्या मापांशेजारी ठेवून पाहा. जवळजवळ सगळे एकाच मापाचे आहेत, उजळपणाचे. त्वचेचा रंग मेलॅनिन, रक्तातले हिमोग्लोबिन आणि थोड्या प्रमाणात कॅरोटिन यांच्या मिश्रणातून येतो. त्यात छटा आहे, तीव्रताही आहे. साड्यांसाठी आपल्याकडे मोरपंखी, अबोली, चिंतामणी, आमसुली असे डझनावारी शब्द आहेत, आणि माणसासाठी मात्र एक शिडी, तीही वरची पायरी चांगली अशी ठरवून ठेवलेली.

स्नेहसंमेलनाच्या तयारीत "तुला हा रंग खुलणार नाही" असे एखाद्या सावळ्या मुलीला आपल्यापैकी कितीजणांनी म्हटले असेल? आम्हीही म्हटले आहे. तेव्हा ना दोन कापडे तिच्या हनुवटीखाली धरून पाहिली, ना तिला उजेडात नेले. शिडीवरची पायरी बघितली आणि निकाल दिला. ब्लाउजपीसच्या बाबतीत मॅचिंग सेंटरवाला एवढी घाई करत नाही.

तेव्हा मुलींनी "हे खरं असतं का?" विचारले, तर त्यांना घोटीव कागद द्या, राखाडी चौकोन द्या आणि खिडकीपाशी न्या. शेजाराने रंग बदलतो, हे त्यांना स्वतःच दिसेल. बारा खणांचे काय करायचे, ते मग त्याच ठरवतील. आणि पुढच्या वेळी कोणी त्यांना "तुला हा रंग खुलणार नाही" म्हणाले, तर "कशाच्या शेजारी? कोणत्या उजेडात?" असे विचारायला त्या शिकलेल्या असतील.