धुळाक्षरे, शब्दचित्रे आणि बोलीचा प्रश्न

मराठीतील प्राथमिक वाचनशिक्षणाचा इतिहास बहुधा एका सरळ रेषेवर मांडला जातो. पंतोजींच्या शाळेतील घोकंपट्टीपासून बालकेंद्री शिक्षणापर्यंतचा प्रवास, असे त्याचे रूप असते. ही मांडणी सोयीची असली, तरी तीत दोन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. मूल चिन्ह कसे ओळखते हा एक, आणि ते चिन्ह कोणाच्या भाषेकडे निर्देश करते हा दुसरा. पहिल्यावर विपुल वाद झडले. दुसरा दीर्घकाळ प्रश्न म्हणून ओळखलाच गेला नाही.

पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी आणि त्याच वेळी त्याचा मोठ्याने उच्चार करी. पुढे मोडीचा कित्ता आणि पाढे. हिशेब व पत्रव्यवहार एवढेच या शिक्षणाचे प्रयोजन होते. 1822 साली मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने या शाळांना पर्याय म्हणून बेल-लँकेस्टर पद्धत स्वीकारली. यातला विपर्यास लक्षणीय आहे. अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मद्रासच्या अनाथालयात ही पद्धत बसविली, ती मुळी देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहून. मद्रासहून इंग्लंडला गेलेली धूळपाटी अशा रीतीने 'सुधारणा' होऊन मुंबईस परतली.

खरा बदल धूळपाटीने नव्हे, छापखान्याने घडविला. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नसे. बालबोध लिपीतील छापील क्रमिक पुस्तकांमुळे तो शालेय शुद्धतेचा निकष ठरला. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या पुस्तकांनी जी मराठी स्थिर केली, तिचा आधार पुण्याकडील शिष्टांची भाषा हा होता. अक्षरओळख आणि भाषाशुद्धी ही येथून एकाच कृतीची दोन अंगे झाली. वाचायला शिकणे म्हणजे विशिष्ट मराठीत प्रवेश करणे, हे समीकरण रूढ झाले ते असे.

विसाव्या शतकातील वादाने या समीकरणाला हात लावला नाही. अक्षर आधी की शब्द आधी, एवढाच त्याचा विषय होता. शब्दपद्धतीचा इंग्रजीतील जोर तेथील लेखन आणि उच्चार यांच्या विसंगतीतून आलेला आहे. देवनागरीत ती अडचण त्या स्वरूपात नाही. वर्णमालेचा क्रमच मुळी उच्चारस्थानांवर रचलेला आहे. मराठी मुलाची अडचण निराळी. क, म, ळ ही तीन अक्षरे सुटी म्हटली की 'कमळ' ऐकू येत नाही, कारण शब्दान्तीचा अकार बोलण्यात लोपतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी लिहावयाची, पण उच्चारावयाची नंतर. 'जरा' म्हणजे थोडे की वार्धक्य, हे लिपी सांगत नाही. ते भाषा आधीच ठाऊक असलेल्यालाच कळते. हे शेवटचे उदाहरण निर्णायक आहे. वाचन हे केवळ उलगडणे नसून आधीच्या भाषाज्ञानाची ओळख पटणे असते, हे त्यातून दिसते.

ताराबाई मोडक 1923 साली भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांच्या सहकारी झाल्या आणि माँटेसरीचा विचार पुढे त्यांनी मराठीत आणला. माँटेसरीच्या साधनांतील खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत मूल ध्वनी उच्चारते. धुळाक्षरांशी असलेले याचे साम्य त्या काळच्या प्रचारकांना फारसे जाणवलेले दिसत नाही. भेद आहे तो सक्तीचा आणि गतीचा. छडीच्या धाकात गिरवणे आणि स्वतः निवडून गिरवणे यांत फरक निश्चितच आहे, पण तो चिन्हव्यवहारातला नव्हे, सत्तासंबंधातला.

दुसरा प्रश्न समोर आला तो ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात. 1945 साली बोर्डीस सुरू झालेले ग्राम बालशिक्षा केंद्र 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अंगणवाडी हा शब्द 1975 नंतर एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेला. त्यामागचा अनुभव मात्र योजनेबरोबर गेला नाही. शहरी बालमंदिरात साधने पुरेशी ठरत होती, कारण तेथील मूल पुस्तकाचीच भाषा घरी बोलत होते. पाड्यावर शब्दचित्राखालचा शब्दच परका होता. अक्षर उच्चारता येई आणि अर्थ मात्र उमटत नसे. ही त्रुटी मुलाची, असे मानण्याची सोय तेथे उरली नाही.

फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी केलेले काम या संदर्भात वाचले पाहिजे. त्यांचे भाषावैज्ञानिक संशोधन फलटणच्या मराठीतील सामाजिक भेदांविषयी होते. वाचनाची पद्धत त्यानंतर आली. वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरांचे लहान गट करावयाचे, काना-मात्रा उशिरापर्यंत राखून न ठेवता आरंभीच द्यावयाच्या, म्हणजे चारसहा चिन्हांत मुलाला आपल्या बोलण्यातले शब्द घडविता येतात. अक्षर की शब्द हा वाद येथे निकालात निघतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता शब्द, हा प्रश्न पाठाच्या पहिल्याच दिवशी शिक्षकासमोर येतो. मुलाने घरचा उच्चार फळ्यावर लिहिला, तर तो पुसायचा की ठेवायचा? क्रमिक पुस्तकाला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नव्हते, कारण तेथे फळ्यावर काय लिहायचे ते आधीच छापलेले असे.