बुद्धिबळात अपुऱ्या मोहऱ्यांमुळे डाव केव्हा बरोबरीत सुटतो?

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही खेळाडूंपैकी कोणालाही कोणत्याही नियमसंमत चालींनी मात करणे शक्य नसेल, तर तो डाव त्याच क्षणी बरोबरीत सुटतो, असे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीत म्हटले आहे. यासाठी प्रतिस्पर्ध्याची संमती आवश्यक नसते.

दोन्ही बाजूंना केवळ राजा उरल्यास, तसेच एका राजाविरुद्ध राजा व एक उंट किंवा राजा व एक घोडा उरल्यास हा नियम लागू होतो. दोन्ही पक्षांकडे एकेक उंट असून ते एकाच रंगाच्या घरांवर असतील, तरीही मात अशक्य ठरते.

महाराष्ट्रातील जुन्या देशी पद्धतीच्या खेळात एका पक्षाचा राजा एकटा उरला की ‘बुर्जी’ होऊन डाव बरोबरीत सुटत असे. आंतरराष्ट्रीय नियमांत ही सवलत नाही. एकट्या राजाविरुद्ध राजा व हत्ती, किंवा राजा आणि दोन्ही रंगांच्या घरांवरील दोन उंट यांना मात करता येते. उंट व घोडा यांच्या साहाय्याने अचूक खेळ केल्यास जास्तीत जास्त ३३ चालींत मात होते. दोन घोड्यांना मात्र एकट्या राजावर सक्तीने मात करता येत नाही. तथापि प्रतिस्पर्ध्याने चूक केल्यास मात होऊ शकते, म्हणून तो डाव आपोआप बरोबरीत सुटत नाही. अशा वेळी मोहरे न मारता व प्यादे न हलवता दोन्ही बाजूंच्या ५० चाली झाल्यास खेळाडू बरोबरीचा दावा करू शकतो. ७५ चाली झाल्यास पंच स्वतः डाव थांबवतात.

‘सक्तीने मात’ आणि ‘शक्य असलेली मात’ यांतील फरक घड्याळातील वेळ संपल्यावर निर्णायक ठरतो. रशियातील नालचिक येथे २००८ मध्ये झालेल्या महिला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पोलंडची मोनिका सोचको आणि रुमानियाची सबिना फोइशोर यांच्या निर्णायक डावात दोघींकडे राजा व एकेक घोडा उरला असताना फोइशोरची वेळ संपली. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या फोइशोरला बरोबरीही पुरेशी होती. पंचांनी प्रथम बरोबरी जाहीर केली. मात्र सोचकोने दाद मागितल्यानंतर तिला विजयी ठरवण्यात आले. कोपऱ्यातील राजाची वाट त्याच्याच घोड्याने अडवल्यास दुसरा घोडा मात देऊ शकतो, हे त्यामागील कारण होते.

बटुमी येथे २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला नमवून महिला विश्वचषक जिंकला, तो जलद डावांत. अशा डावांत वेळ अपुरा असल्याने हा नियम खेळाडूंनी आधीच समजून घेणे आवश्यक आहे.