कोका-कोला नक्की कोणी घालवली? जॉर्ज फर्नांडिस यांच्या उद्योगखात्याचा हिशेब (थ्रेड)

जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत बिहारमधील मुझफ्फरपूरच्या मतदारांसमोर जॉर्ज फर्नांडिस पुन्हा उमेदवार म्हणून उभे होते. या वेळी त्यांच्यामागे सुमारे दोन वर्षांच्या उद्योगमंत्रिपदाची कारकीर्द होती. त्या कारकिर्दीचे वर्णन चाहते आणि टीकाकार एकाच वाक्यात करीत: या माणसाने कोका-कोला देशाबाहेर घालवली. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाच्या मृत्युलेखांतही हेच वाक्य ठळकपणे आले. वाक्य खोटे नाही. मात्र त्यावरून त्यांच्या कारकिर्दीचा निवाडा करू गेल्यास हिशेब चुकतो.

प्रतिमा आधीच तयार होती. मुंबईतील गोदी, महापालिका आणि टॅक्सी कामगारांचा हा नेता. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत काँग्रेसचे बलाढ्य स. का. पाटील यांचा त्यांनी पराभव केला. १९७४ च्या रेल्वे संपाचे नेतृत्व केले, आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात तुरुंगात गेले आणि तुरुंगातूनच १९७७ ची निवडणूक जिंकले. असा माणूस त्या वर्षीच्या जुलैमध्ये उद्योगमंत्री होतो आणि ऑगस्टमध्ये कोका-कोलाचा निर्णय संसदेत जाहीर होतो. कथा स्वतःच स्वतःला लिहून घेते!

परंतु ज्या कायद्याखाली हा निर्णय झाला तो जनता सरकारचा नव्हता. परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, इंदिरा गांधी सरकारने १९७३ मध्ये संमत केला आणि १ जानेवारी १९७४ पासून तो अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमानुसार ४० टक्क्यांहून अधिक परकीय मालकी असलेल्या कंपनीस भारतातील व्यवसाय चालू ठेवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी घेणे बंधनकारक झाले. परवानगी हवी असल्यास बहुतेकांना परकीय हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत उतरवावा लागे. निर्यातप्रधान, उच्च तंत्रज्ञानाच्या आणि चहामळ्यांसारख्या काही उद्योगांना सवलत होती. शीतपेय त्या यादीत बसणारे नव्हते.

कोका-कोलाची रचना या कायद्याला सर्वाधिक अडचणीची होती. बाटल्या भरणारे कारखाने भारतीय मालकांचे होते. पेयाचा अर्क मात्र पूर्णपणे परकीय मालकीच्या कंपनीकडून येई. अर्क बनविण्याचे काम ६० टक्के भारतीय मालकीच्या कंपनीकडे द्यावे आणि त्याची कृतीही तिच्या स्वाधीन करावी, अशी सरकारची भूमिका होती. भागभांडवलाबाबत कंपनी काही प्रमाणात नमते घ्यायला तयार होती, कृतीबाबत मुळीच नाही. फर्नांडिस यांनी अपवाद करण्यास नकार दिला. त्यांचा वाटा एवढाच, आणि तो लहान नाही. एखाद्या मवाळ मंत्र्याने ती फाइल दोन वर्षे फिरत ठेवली असती. तरीही कोंडी करणारा नियम त्यांच्या आधीच्या सरकारने लिहिलेला होता.

आय.बी.एम.चेही तसेच. भारतातील व्यवसाय शंभर टक्के स्वतःच्या मालकीचा ठेवण्याचा तिचा आग्रह होता. त्याविषयीचा वाद आणीबाणीच्या काळातही चालू होता. १९७८ मध्ये ती गेली.

सहसा न सांगितली जाणारी बाजू अशी की याच कायद्याखाली बहुतेक परकीय कंपन्या गेल्या नाहीत. त्यांनी भाग विकले. कोलगेट-पामोलिव्ह १९७८ मध्ये ४० टक्क्यांवर आली. भागांची किंमत सरकारी नियंत्रकाच्या संमतीने ठरत असल्याने ती बाजारभावापेक्षा बरीच कमी असे. परिणामी मुंबईतील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिला शेअर आला तो अशाच एखाद्या कंपनीचा. दलाल स्ट्रीटवरील या उलाढालीचे श्रेय ‘बंदसम्राट’ म्हणविल्या जाणाऱ्या मंत्र्याला कोणी दिले नाही. देण्याचे कारणही नाही. पण मग कोका-कोलाचे अपश्रेय तेवढे त्यांच्या एकट्याच्या पदरात का, हा प्रश्न उरतोच. (कोका-कोलाच्या जागी सरकारी मॉडर्न कंपनीने ‘डबल सेव्हन’ बाजारात आणले. लोकांनी मात्र पार्लेचे ‘थम्स अप’ पसंत केले.)

मग फर्नांडिस यांची स्वतःची म्हणावी अशी कारकीर्द कोठे शोधायची? ती २३ डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणात सापडते. या धोरणात चौधरी चरणसिंग यांच्या ग्रामीण आग्रहांचा ठसा आहे आणि ते संपूर्ण मंत्रिमंडळाचे होते. तरी खाते फर्नांडिस यांचे होते आणि सही त्यांची होती.

लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याची पद्धत १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाली होती. १९७७ पर्यंत ती यादी १८० वर पोहोचली होती. नव्या धोरणाने ती एकदम ५०० च्या पुढे नेली. या वस्तूंच्या उत्पादनात नवा मोठा कारखाना उतरू शकत नव्हता. १९७८ मध्ये यादी ८०७ झाली. मात्र ही दुसरी झेप बरीचशी वस्तूंच्या नव्या सांकेतिक वर्गीकरणामुळे होती. एकाच नोंदीच्या अनेक नोंदी झाल्या. भाषणात मात्र ८०७ हा आकडा किती भारदस्त वाटतो!

या यादीने लहान उत्पादकाला मोठ्या कंपनीच्या धडकेपासून वाचविले, हे खरे. पण लघुउद्योगाची व्याख्या यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीवर बेतलेली होती आणि त्या काळी मर्यादा १० लाख रुपयांची होती. चांगला चालणारा कारखानदार नवे यंत्र घेऊन ही रेषा ओलांडू लागला की संरक्षण जाई. म्हणून कित्येकांनी वाढण्याऐवजी दुसऱ्या नावाने दुसरे लहान युनिट काढले. आणि मोठ्या कंपन्या अशाच लहान युनिटांकडून माल बनवून घेऊन आपली छापे लावून विकत राहिल्या. लहानांचे रक्षण करणारा नियम लहान राहण्याचेच बक्षीस देऊ लागला. फर्नांडिस यांच्या कारकिर्दीवरील सर्वात गंभीर टीका ही आहे, आणि बाटलीतल्या पेयाच्या गोंगाटात ती झाकली गेली.

अर्थात १९८० मध्ये सत्तेवर परतलेल्या काँग्रेसने ही यादी रद्द केली नाही. उलट पुढे ती वाढत गेली.

त्याच धोरणाने १० लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांत नव्या औद्योगिक परवान्यांना मनाई केली. ज्या मुंबईने त्यांना नेता केले, तिच्या कारखानदारीची वाढ रोखणाऱ्या धोरणावर त्यांचीच सही असावी, यात थोडा उपरोध आहे. टाटा स्टीलच्या राष्ट्रीयीकरणाची त्यांची कल्पनाही अशीच अंगाशी आली. तिला जमशेदपूरच्या कामगार संघटनेनेच विरोध केला आणि ती बारगळली. कामगारांच्या वतीने बोलणाऱ्या मंत्र्याला कामगारांनीच नाही म्हटले.

दुसरीकडे १ मे १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. लहान उद्योजकाला नोंदणी, कर्जाची शिफारस, कच्चा माल यांसाठी राजधानीकडे खेटे घालावे लागू नयेत, जिल्ह्याच्या गावीच सर्व कामे व्हावीत, अशी ही योजना. केंद्रांच्या कारभाराविषयी तक्रारी कमी नाहीत. तरी नियमांच्या त्या जंगलात सामान्य माणसासाठी काढलेली ही एक पाऊलवाट होती.

मुझफ्फरपूरच्या मतदाराने यातले काय तोलले? जुलै १९७९ मध्ये लोकसभेत मोरारजी देसाई सरकारचा घणाघाती बचाव करून काही दिवसांतच फर्नांडिस यांनी त्याच सरकारचा राजीनामा दिला होता. दिल्लीत ती कोलांटउडी फार गाजली. मुझफ्फरपुरात मात्र आपल्या भागात उद्योग आणण्यासाठी झटणारा खासदार ही त्यांची दुसरी ओळख होती. कांटीचे औष्णिक वीजकेंद्र त्यांच्याच प्रयत्नांचे फळ मानले जाते. देशभर काँग्रेसची लाट असताना ते तेथून पुन्हा निवडून आले.

कोका-कोला १९९३ मध्ये परतली आणि तिने पार्लेकडून ‘थम्स अप’ विकत घेतले. फेरा कायदा जून २००० मध्ये इतिहासजमा झाला. राखीव यादीतील शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. जिल्हा उद्योग केंद्रे मात्र महाराष्ट्रातील जिल्ह्यांत आजही चालू आहेत. स्वयंरोजगाराच्या कर्जासाठी तरुण आजही तेथेच अर्ज घेऊन जातात.