नवलाची शहानिशा

भरतखंडातील प्राण्यांविषयी नवलकथा ऐकण्याची हौस जगाला फार प्राचीन काळापासून आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने असे लिहून ठेवले, की हिंदुस्थानच्या वाळवंटात कुत्र्याहून लहान पण कोल्ह्याहून मोठ्या अशा मुंग्या असून बिळे उकरताना त्या सोन्याची रेती वर काढतात. पाटलीपुत्रास चंद्रगुप्ताच्या दरबारी वकील म्हणून राहिलेल्या मेगॅस्थिनीसासारख्या माणसानेही तीच हकीकत आपल्या ग्रंथात घेतली. आणि पुढे रोमन प्लिनीनेही तिला आपल्या बृहद्ग्रंथात स्थान दिले. ज्याने लिहिले त्याने पाहिले नव्हते आणि ज्याने पाहिले असे म्हणत, त्याला कोणी उलट विचारले नव्हते. नवल सांगण्याची ही रीत जितकी जुनी, तितकीच टिकाऊ आहे. पण तिच्या शेजारी, आपल्याच देशात, नवलाची शहानिशा करण्याची एक निराळी रीत रुजली, आणि तिचा इतिहास मला त्या सोनेरी मुंग्यांहून अधिक नवलाचा वाटतो.

या रीतीचा आरंभ बाबराच्या आत्मचरित्रापासून धरावयास हरकत नाही. गेंडा आपल्या शिंगावर हत्तीला उचलून धरतो, अशी ग्रंथांतरी समजूत होती. इ. स. १५२५ च्या अखेरीस हिंदुस्थानच्या स्वारीवर निघालेला बाबर पेशावरच्या आसमंतात गेंड्यांच्या शिकारीस गेला, तेव्हा हत्ती व गेंडा समोरासमोर आले तर काय घडते हे पाहण्याची त्याला फार दिवसांची उत्सुकता होती. माहुतांनी हत्ती पुढे घातले, आणि गेंडा सामना न देता दुसऱ्या बाजूने पळून गेला. बाबराने झाले तसे लिहिले. राज्य मिळवावयास निघालेल्या माणसाने, ज्या मोहिमेचा शेवट पानिपतावर व्हावयाचा होता त्या मोहिमेच्या धामधुमीत, एका जुन्या समजुतीचा निकाल लावण्यासाठी वेळ काढावा, ही गोष्ट त्याच्या तलवारीइतकीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याचा पणतू जहांगीर याने मात्र या जिज्ञासेला दरबारी रिवाजाचे स्वरूप दिले. १६०५ पासून १६२७ पर्यंत राज्य केलेल्या या बादशहाच्या न्यायाविषयी आणि व्यसनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याची ‘तुझुक-इ-जहांगिरी’ उघडावी, तर फर्माने, मनसबी आणि नजराणे यांच्या नोंदींमधून एकाएकी एखादा पक्षी, एखादे माकड किंवा हत्तीचे नवजात पिल्लू डोके वर काढते, आणि राज्यकारभाराची भाषा सोडून बादशहा अगदी एकाग्र होऊन लिहू लागतो. १६१२ मध्ये त्याचा विश्वासू उमराव मुकर्रबखान हा हुकुमाप्रमाणे गोव्याहून दुर्मीळ चिजा खरेदी करून परतला. फिरंगी जी किंमत सांगतील ती द्यावी, घासाघीस करू नये, असा त्याचा खाक्या होता. त्या चिजांत एक पक्षी होता, लांडोरीहून मोठा आणि मोराहून लहान. त्याची मान व डोके घटकेत पोवळ्यासारखे लाल, घटकेत कापसासारखे पांढरे, तर घटकेत पिरोजाच्या रंगाचे होई. हा पक्षी म्हणजे टर्की, अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो मांडवीच्या काठी उतरला आणि तेथून आग्र्यास गेला. याच नोंदीत जहांगिराने म्हटले आहे, की बाबराने प्राण्यांची वर्णने तर लिहिली, पण चित्रकारांकडून त्यांच्या आकृती काढवून घेतल्या नाहीत. आपण तसा हुकूम दिला आहे, म्हणजे ऐकून होणारे नवल पाहून वाढेल. हा हुकूम मोगल चित्रकलेच्या इतिहासात मोठा मोलाचा ठरला, कारण तो बजावणाऱ्यांत ‘नादिर-उल्-अस्र’ हा किताब मिळवलेला उस्ताद मन्सूर होता.

जहांगिराचे खरे वैशिष्ट्य मला मुद्दाम उकलून दाखवावेसे वाटते, ते असे की नवल वाटले म्हणून तो थांबत नसे. १६२१ मध्ये मीर जाफर नावाच्या सरदाराने त्याला हबसाणाकडून आलेला एक पट्टेदार प्राणी नजर केला. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत आणि कानापासून खुरापर्यंत काळे पट्टे ओढलेला तो झेब्रा पाहून, कोणीतरी गाढवाला रंग दिला असावा असा संशय दरबारात आला, आणि तपासाअंती ते रंग जन्मजातच आहेत असे ठरले, तेव्हाच बादशहाची खात्री पटली. मन्सूरने काढलेले त्याचे चित्र, जहांगिराच्या हस्ताक्षरातील नोंदीसह, आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. वाघिणीचे दूध डोळ्यांस गुणकारी असते असे हकीम सांगत. बादशहाच्या शिकारखान्यात एक वाघीण व्याली, तेव्हा ते दूध काढण्याचा यत्न करण्यात आला आणि थेंबही हाती लागला नाही. त्यावर त्याने असा तर्क केला, की आईच्या स्तनात दूध येते ते पिलाच्या मायेने, आणि धरून पिळले असता क्रोधाने ते आटते. पीलखान्यात वारंवार चौकशी करून हत्तिणीचा गर्भकाळ मादी पिलासाठी अठरा आणि नर पिलासाठी एकोणीस महिने असतो, असे त्याने नोंदवले. आजच्या शास्त्राप्रमाणे तो सुमारे २२ महिन्यांचा आहे. पण आकडा चुकला तरी आकडा काढण्याची पद्धत चुकलेली नव्हती. हिवाळ्यात स्नानाच्या वेळी सोंडेने अंगावर पाणी घेताना हत्ती कुडकुडतात, हे इतक्या पिढ्यांत त्याच्याच नजरेस पडले, आणि पाणी कोमट करून देण्याचा हुकूम सुटला.

सर्वांत सुंदर नोंद सारसांची आहे. महिन्याभराच्या वयापासून पाळलेल्या एका जोडीला त्याने लैला आणि मजनू अशी नावे दिली होती. पाच वर्षांनी त्यांचा समागम झाल्याची वर्दी एका खोजाने दिली, तेव्हा पुन्हा तसे घडताच आपणास कळवावे असा हुकूम झाला, आणि एके दिवशी पहाटे निरोप येताच बादशहा स्वतः धावत गेला. पुढे मादीने अंडी घातली. ती रात्रभर अंड्यांवर बसे आणि नर जवळ उभा राहून पहारा करी. मुंगसासारखे एक जनावर त्या बाजूस आले, तेव्हा ते बिळात शिरेपर्यंत त्याने त्याचा पाठलाग केला. दिवस उजाडला, की नर मादीच्या पाठीवर चोचीने खाजवी, ती उठे आणि तो तिच्या जागी बसे. पिले झाल्यावर नर त्यांना पायाला धरून उलटे उचलतो असे दिसले, तेव्हा तो त्यांना इजा करील या भयाने त्याला दूर ठेवण्यात आले. मग पारख करण्यासाठी पुन्हा जवळ सोडले, आणि ते उचलणे मायेचेच आहे अशी खात्री झाली. आपल्या संशयाचीही परीक्षा घेणे, हे शहाणपण राजांत विरळा, आणि विद्वानांतही फार सुलभ नाही.

मार्जारकुलाविषयीची त्याची एक नोंद तर सर्व जगाच्या प्राणिशास्त्रात एकाकी उभी आहे. अकबराने चित्ते जमवले होते, एके वेळी हजारापर्यंत; बागांत मोकळे सोडूनही त्यांची जोडी जमली नाही. जहांगिराच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, एका नराने गळपट्टा सोडवून मादी गाठली आणि अडीच महिन्यांनी तीन पिले झाली. बंदिवासातल्या चित्त्याच्या वीणीची यानंतरची नोंद थेट १९५६ ची, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली आहे. मधल्या काळात दरबारोदरबारी पोसलेला चित्ता हा रानातून धरून आणलेलाच असे, आणि त्यामुळेच रान रिकामे होत गेले. विसाव्या शतकात कोल्हापूरच्या चित्तेवानांना शिकारीचे चित्ते आफ्रिकेहून आणवावे लागले. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. जहांगीरही निर्दोष नव्हता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पुढे आपल्यासमोर २८,५३२ प्राणी मारले गेले आणि त्यांपैकी १७,१६७ आपण स्वतः मारले, हा हिशेबही त्याने तितक्याच काटेकोरपणे दप्तरी लावला आहे. सारसाच्या पिलासाठी व्याकुळ होणारा हात आणि हा हात एकच, हे वाचताना मन खिन्न होते.

कुत्र्यांची हकीकत इंग्रजांकडून मिळते. सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील १६१५ मध्ये सुरतेस उतरला. त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने लिहिले आहे, की विलायतेहून नजराण्यासाठी पाठवलेल्या दांडग्या मास्टिफ कुत्र्यांपैकी दोनच जिवंत पोहोचले, आणि त्यांतला एक वाटेत सुटून चक्क हत्तीच्या सोंडेला जाऊन डसला. ही वार्ता ऐकून बादशहा फार खूष झाला. प्रत्येक कुत्र्याच्या तैनातीस चार नोकर नेमले गेले, दोघे पालखीतून वाहून नेण्यास व दोघे माश्या वारण्यास, आणि त्यांना आपल्या हाताने भरवता यावे म्हणून बादशहाने रुप्याचे चिमटे घडवून घेतले.

मन्सूरच्या मानल्या जाणाऱ्या, सेंट पीटर्सबर्ग येथील एका चित्रात इतर पक्ष्यांच्या मधोमध डोडो उभा आहे. मॉरिशस बेटावरचा हा पक्षी त्याच शतकात पृथ्वीवरून नाहीसा झाला; पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेच्या वखारीत दोन डोडो पाहिल्याचे लिहिले आहे, तेव्हा ते या किनाऱ्यावर येत होते हे निश्चित. जिवंत डोडो समोर ठेवून रंगवलेली चित्रे जगात इतकी थोडी आहेत, की त्या पक्ष्याच्या खऱ्या रंगरूपाचा विचार करणारे अभ्यासक या मोगल चित्राकडे वारंवार वळतात.

ही परंपरा दिल्ली-आग्र्यापुरती राहिली नाही. पुण्यात पेशव्यांचा शिकारखाना होता, आणि त्यातील गेंड्याचे रेखाटन १७९० च्या नोव्हेंबरात गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर चित्रकाराने केले. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पदरी काम करणाऱ्या या मराठी माणसाची रेखा मोठी प्रामाणिक आहे, आणि त्याचे नाव आपल्याकडे इतके कमी घेतले जावे याचे मला वाईट वाटते. पुढे १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दर महिन्यास जमावे, पाहिलेले सांगावे आणि मिळालेले नमुने दाखवावेत, एवढाच आरंभीचा बेत होता. कारवारहून आलेला ‘विल्यम’ नावाचा एक महाधनेश १८९४ पासून १९२० पर्यंत सोसायटीच्या कचेरीत राहिला आणि पुढे तिच्या बोधचिन्हावर आला. या संस्थेच्या नियतकालिकातच १९२७ मध्ये तरुण सलीम अली यांनी मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर आपली लेखमाला सुरू केली, आणि त्याच्या ‘संकीर्ण नोंदी’ या सदरात एखादा जंगलखात्याचा अंमलदार किंवा शाळामास्तर आपण काय पाहिले, कोठे पाहिले आणि कोणत्या तारखेस पाहिले हे आजही लिहून पाठवू शकतो.