बागछत्री : निगा व दुरुस्ती (भंडारा जिल्हा)

उद्यानात, अंगणात अथवा उपाहारगृहाच्या मोकळ्या आवारात बसणाऱ्यांवर सावली धरावी म्हणून जमिनीत किंवा जड बैठकीत रोवलेली, साधारणतः 7 ते 10 फूट व्यासाची मोठी छत्री. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, म्हणजे 1853 पावेतो, या मुलखात छत्र आणि अब्दागिरी हे दरबारी मानाचे विषय होते. आज तशीच सावली आठवडी बाजारातील भाजीवाल्यांच्या दुकानांवर, मंगल कार्यालयांच्या हिरवळीवर आणि मुंबई–कोलकाता महामार्गावरील लाखनी-साकोलीकडच्या ढाब्यांपुढे कोणाच्याही सनदेवाचून उभी असते.

रचना हातछत्रीचीच, केवळ मोठ्या मापाची. मधला दांडा, त्यावर सरकणारे कडे, कड्याला जोडलेल्या आधारकाड्या, त्यांनी उचललेल्या सहा किंवा आठ मुख्य काड्या आणि वर ताणलेले कापड, एवढेच तिचे अवयव. सॅम्युएल फॉक्स या इंग्रज कारखानदाराने 1852 मध्ये पन्हळीच्या आकाराची पोलादी काडी काढल्यापासून हलक्या छत्रीला बळकटी आली; बागछत्रीत मात्र सागवान, बांबू, लोखंड, ॲल्युमिनियम व काचतंतू असे सर्वच जिन्नस आढळतात, आणि प्रत्येकाचा रोग निराळा असतो.

भंडाऱ्याचे हवामान या वस्तूस दोन्ही बाजूंनी प्रतिकूल आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि त्यानंतर चार महिन्यांत, वर्षाच्या सुमारे 1,300 मिलिमीटर पर्जन्यापैकी बहुतेक भाग कोसळतो. उन्हातील अतिनील किरण कापडाचा रंग उडवितात हे सर्वांस दिसते. परंतु त्याच किरणांनी शिवणीचा दोरा कापडाच्या आधी कुजतो, आणि पहिल्या वाऱ्यासरशी कापड धड राहून केवळ सांधे उसवतात, हे सहसा ध्यानात येत नाही. म्हणून जुने कापड टाकून देण्यापूर्वी ते दोन्ही हातांनी ताणून पाहावे. फाटत नसेल तर मेण लावलेल्या पॉलिएस्टर दोऱ्याने सर्व सांधे पुन्हा शिवून घ्यावेत. हे काम शिंप्यापेक्षा आरी वापरणारा चर्मकार कारागीर अधिक चांगले करतो, विशेषतः काडीचे टोक ज्या खोळीत अडकते त्या जाड भागाचे. ठिगळ आतून लावावे व त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण ठिगळ उचकटण्याची सुरुवात चौकोनी कोपऱ्यापासूनच होते.

खरा विनाश ओली छत्री मिटून ठेवल्याने होतो. सुती किलतानावर बुरशीचे काळे ठिपके एकदा मुरले की ते निघत नाहीत. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांपलीकडे जाऊन विरंजक चूर्ण वापरले तर डागाबरोबर धागाही जातो. रंगीत तंतूंपासूनच विणलेले ॲक्रिलिक कापड हा मारा सोसते, पण ते महाग. सोपा बंदोबस्त हाच की, मृगापूर्वी कापड उतरवावे, पूर्ण वाळवून आडव्या बांबूवर टांगावे, आणि धानाच्या कोठीजवळ कदापि ठेवू नये. तेथील उंदीर कापड आणि पोते यांत भेद करीत नाहीत.

सांगाड्यास सागवान असेल तर जवसाचे तेल उत्तम, आणि उभ्या धानात पेरून उतेऱ्याचे पीक म्हणून जवस घेणाऱ्या या जिल्ह्यात ते दुर्मीळ नाही. मात्र कच्चे तेल दमट हवेत चिकट राहून बुरशीस पोसते. म्हणून उकळलेले तेल, पातळ थरात, पावसाळा सरल्यावर कार्तिक-मार्गशीर्षाच्या कोरड्या हवेत द्यावे. तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. बांबूच्या काड्यांस भुंगा लागतो तो बांबूतील पिष्टामुळे. बुरुडाकडून काडी करवून घेताना ती टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजविलेली असावी, असा आग्रह धरावा.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव, त्यामुळे तुटलेल्या खिळीच्या जागी पितळी खिळी बसविण्याचा मोह येथे स्वाभाविक आहे. लाकडात किंवा बांबूत ती शोभते. ॲल्युमिनियमच्या काडीत मात्र ओलाव्यात दोन धातूंचा विद्युत्संयोग होऊन काडीच झिजते. तेथे गंजरोधक पोलादाची खिळी नायलॉनच्या चकतीसह घालावी. वाकलेली ॲल्युमिनियम काडी सरळ केली की बहुधा चिरते, तेव्हा ती सरळ करण्याऐवजी बदलावी, किंवा तात्पुरती सोय म्हणून बाहेरून नळी चढवून सांधावी. फिरकी फिरवून उघडण्याच्या छत्रीत दांड्यातून जाणारी दोरी तुटायला आली असेल तर ती ओढून काढण्यापूर्वी नव्या दोरीचे टोक जुनीस शिवून घ्यावे. जुनी दोरी बाहेर येताना नवी आपणहून दांड्यात ओढली जाते. या युक्तीअभावी चांगल्या छत्र्या अडगळीत पडतात.

वाऱ्याचा हिशेब बैठक विकत घेण्यापूर्वी करावा. ताशी 40 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरास सुमारे 75 न्यूटन असतो. 9 फूट व्यासाची तिरपी केलेली छत्री त्याच्या समोर आली तर सुमारे 45 किलो वजनाइतका जोर दांड्यावर येतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. पोकळ बैठकीत पाणी भरले तर लिटरमागे 1 किलो वजन मिळते, वैनगंगेची कोरडी रेती भरली तर दीड किलोहून अधिक. तरीही वैशाखातील वादळास पुरेल अशी बैठक नसते. आभाळ काळवंडताच छत्री मिटावी व पट्टा बांधावा, एवढाच उपाय.

दुरुस्तीस मर्यादा आहे. काड्या, कापड, दोरी व खिळ्या कितीही वेळा बदलता येतात. मधल्या दांड्यास कड्याखाली भेग गेली असेल तर मात्र ती छत्री भंगारवाल्यास द्यावी, कारण तो सांधा वेल्डिंगनेही विश्वासार्ह होत नाही आणि खाली माणसे बसलेली असतात.