कोळंबीच्या कवचाचे आवरण (संपादकीय तळटीप)

* लेखकाला अभिप्रेत असलेले आवरण कायटोसानचे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून ते बनवतात. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण उघडे ठेवले तर गुठळ्या धरतात. कायटोसान किंवा डेक्स्ट्रानसारखे जैवबहुलक त्यांना सुटे ठेवते. कण कर्करोगाच्या गाठीत सोडून बाहेरून वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावले की ते तापतात. गाठ साधारण ४१ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत नेली, की तिच्या पेशी किरणोपचाराला लवकर बळी पडतात. कल्पना नवी नाही. गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांचे प्रयोग १९५७ मधले. मात्र पुढच्या परिच्छेदातला लेखकाचा उत्साह जरा घाईचा वाटतो: मेंदूच्या गाठींसाठी युरोपात २०१० मध्ये मंजूर झालेल्या कणांवर आवरण होते अमिनोसिलेनचे, जैवबहुलकाचे नव्हे. – संपा.