पावतीपुस्तक आणि राजवाडा

मागच्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी इतिहासाचा निवृत्त अध्यापक, रायपुरातच राहणारा. म्हणजे जुनी कागदपत्रं ज्याच्या गळ्यात निर्धास्तपणे घालावीत असा माणूस. नॅकची समिती यायची होती. माजी विद्यार्थ्यांची संघटना आहे का, तिनं संस्थेला काय दिलं, हे त्यांच्या तक्त्यात विचारलेलं असतं. संघटना होती. नोंदणी झालेली होती, अध्यक्ष आणि खजिनदारही होते. सभासद कोण, हे मात्र कुणाला सांगता येईना. प्रवेशाच्या जुन्या वह्या शोधल्या, तर पहिल्या काही वर्षांच्या वाळवीनं खाल्लेल्या, आणि पुढच्या एका खोलीचं छत गळायला लागलं तेव्हा 'तात्पुरत्या' हलवलेल्या. कुठे हलवल्या ते ज्याला माहीत होतं तो शिपाई निवृत्त होऊन गावी गेला होता. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी फरक पडणार नाही, कारण ज्या ज्या ओळखीच्या प्राध्यापकाला हे सांगितलं तो हसला आणि म्हणाला, आमच्याकडेही तसंच.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आपल्या या भागातली कॉलेजं मुळात कुणाच्या पैशानं उभी राहिली, आणि तिथे शिकून गेलेल्यांना ती आपली का वाटत नाहीत?

१९३८ पूर्वी रायपूरचा मुलगा मॅट्रिक झाला की पुढे शिकायला गाडीत बसायचा. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून होतं, मॉरिस कॉलेज १८८५ पासून. जबलपूरलाही सोय होती. नागपूर इथून तीनशे किलोमीटर. ज्याच्या घरी खानावळीचा खर्च झेपायचा तो जायचा, बाकीचे कारकुनी शोधायचे. मुलींचा तर विचारच नको. १९३८ साली जे. योगानंदम् यांच्या पुढाकारानं रायपुरात छत्तीसगढ महाविद्यालय सुरू झालं, या प्रदेशातलं पहिलं कॉलेज. संलग्नता अर्थात नागपूर विद्यापीठाची. असं कॉलेज काढणाऱ्या माणसाला पहिली काही वर्षं शिकवण्यापेक्षा मागण्याचंच काम जास्त करावं लागतं: खोल्या मागा, बाकं मागा, महिनाअखेरीला पगारापुरते पैसे मागा. पुढे ते कॉलेज सरकारकडे गेलं आणि योगानंदम् यांचं नाव कॉलेजच्या नावात जाऊन बसलं. नाव राहिलं ते चांगलंच झालं. पण त्या दिवसांत ज्यांनी हातभार लावला असेल ते सगळे त्या एका नावाच्या मागे दिसेनासे झाले.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट आणखी वेगळी. राजनांदगावला १९५७ साली कॉलेज सुरू झालं ते थेट राजवाड्यात. राजे दिग्विजयदास यांनी वाडा दिला, कॉलेजला त्यांचं नाव मिळालं. एका बाजूला राणीसागर, दुसऱ्या बाजूला बूढासागर, मधे वर्ग. १९५८ मध्ये गजानन माधव मुक्तिबोध तिथे शिकवायला आले, घरात मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी. वाड्याच्या परिसरातच त्यांचं बिऱ्हाड होतं. गोल वळणं घेत वर जाणारा तो जिना बघायला लोक आजही येतात. खैरागढचं तर पुरं विद्यापीठच राजवाड्यात आहे. राजे वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती यांनी लहानपणीच गेलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या, नावानं १९५६ मध्ये वाडा संगीताला दिला. अण्णासाहेब रातंजनकर तिथे कुलगुरू होते, त्यामुळे आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना खैरागढ म्हणजे जवळजवळ माहेर वाटायचं. आमच्या रायपुरात दाऊ कल्याणसिंह यांच्या दानाची आठवण डी. के. हॉस्पिटल हे नाव देतं.

या दानांना मी कमी लेखत नाही. मुलीच्या दुःखातून विद्यापीठ निघतं, यापुढे काय बोलणार. पण राजवाडा मिळाला की मागायला दारोदार जावं लागत नाही, आणि जावं लागलं नाही की यादी तयार होत नाही. देणारा एक, घेणारे हजार. त्या हजारांना कुणी कधी विचारलंच नाही, की बाबांनो, तुम्ही काय द्याल?

पुण्यात उलटं झालं होतं, आणि ते काही पुणेकर जास्त उदार होते म्हणून नव्हे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १८८५ मध्ये कॉलेज काढलं तेव्हा महादेव बल्लाळ नामजोशी संस्थानिकांच्या दारात जातच होते. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी बाराशे रुपये दिले आणि कॉलेजवर कायमचं नाव मिळवलं. इतकं स्वस्त नाव नंतर कुणाला मिळालं नसेल. पण आजीव सदस्य महिना पंचाहत्तर रुपयांत वीस वर्षं शिकवणार होते, ही गोष्ट देणाऱ्याला आधी ठाऊक असायची. मागणारा स्वतः काय देतो आहे ते दिसत होतं.

धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट माझ्या कामाला जास्त जवळची. मुंबईत असतानाच त्यांनी आपल्या गावासाठी 'मुरूड फंड' काढला. गावातून बाहेर पडून कमावते झालेल्यांनी गावासाठी नेमानं थोडं थोडं द्यावं, ही त्यामागची कल्पना. आज ज्याला माजी विद्यार्थ्यांचा निधी म्हणतात तो याहून काही निराळा नाही. मग १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम. तिथे मोठा दाता मिळणं कठीणच, कारण काम लोकांच्या रोषाचं. म्हणून किरकोळ रकमा, वार्षिक अहवाल, अहवालात देणगीदारांची यादी.

आणि पार्वतीबाई आठवले. कर्व्यांच्या मेहुणी, स्वतः विधवा, आश्रमात राहून शिकलेल्या आणि पुढे आश्रमाची व्यवस्था बघणाऱ्या. संस्थेसाठी वर्गणी गोळा करत त्या गावोगाव हिंडल्या, सभांमधून बोलल्या. ऐकायला येणाऱ्या बायकांना संस्थेचं काम समजावून सांगायची गरजच नसे. ती त्यांच्यासमोर उभी असे. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकावं आणि जमल्यास संस्थेसाठी पैसेही मिळवावेत म्हणून त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि १९२० मध्ये परतल्या. 'माझी कहाणी' या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. संस्थेची माजी विद्यार्थिनीच संस्थेसाठी पैसे मागायला निघाली, याचं याहून जुनं आणि याहून धीट उदाहरण मला तरी माहीत नाही. हल्ली या कामाला संचालक, जनसंपर्क अधिकारी अशी पदं असतात. पार्वतीबाईंकडे पद नव्हतं, इंग्रजीही नव्हतं.

त्याच वर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. आईचं नाव विद्यापीठाला मिळालं, आणि रकमेबरोबर अटीही आल्या. त्यांवरून पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. म्हणजे मोठी देणगी तिकडेही सुखाची नव्हतीच. पण ती येईपर्यंत चोवीस वर्षांची वर्गणीदारांची यादी संस्थेच्या हातात होती. कर्वे स्वतः तर १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी पुन्हा वर्गणी मागायला निघाले.

आमच्याकडे वर्गणीची सवय लागायच्या आत सरकार आलं. त्यानं फी कमी ठेवली, पगार वेळेवर दिले, हे उपकारच. माझं स्वतःचं शिक्षण त्यावरच झालं. पण सरकारी कॉलेजला आपण काही द्यायचं असतं हे कुणाच्या मनातही येत नाही. त्यात नावं बदलतात. १९५६ साली इथे खाण आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज निघालं, मग ते इंजिनिअरिंग कॉलेज झालं आणि २००५ मध्ये एनआयटी. आवार तेच, पण जुना विद्यार्थी पाटी वाचून क्षणभर थबकतो. शहरातली कॉलेजं आधी नागपूर विद्यापीठाची, मग सागरची, १९६४ पासून रविशंकरची. राज्यसुद्धा २००० मध्ये बदललं. एका आयुष्यात इतके पत्ते बदलले, तर पत्र पोचणार कुठे?

समिती येऊन गेली. तक्त्यात काय भरलं ते विचारू नका. मी मात्र यादी सोडलेली नाही. तात्यापाऱ्यातल्या दोन घरांत जुने वर्गफोटो मिळाले, मागे पेन्सिलनं नावं लिहिलेली. त्यांतल्या एका बाईंना फोन केला, १९६८ च्या बॅचच्या. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, पन्नास-पंचावन्न वर्षांत कॉलेजातून आलेला हा पहिला फोन." मग विचारलं, "पैसे हवेत ना?" मी जरा गांगरलो. हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "पाचशे पाठवते, पण पावती द्या हं."

पावतीपुस्तक अजून छापून आलेलं नाही. प्राचार्यांच्या सहीसाठी कागद अडकला आहे. तोवर शाळकरी मुलांच्या दोनशे पानी वहीत नावं लिहितो आहे. काल अठ्ठावन्न झाली. त्यातली तीन एकाच माणसाची आहेत, तीन निरनिराळ्या आडनावांनी, असा मला संशय आहे. उद्या दुर्गला जाऊन त्याला विचारून येईन.